बर्फाच्या गावात घर भाड्याने घेताना: मनालीच्या हिवाळी मुक्कामाची ठाणेकरांसाठी आखणी

ठाण्यात जानेवारीत पंखा एकवर आणला की आपल्याला थंडी पडल्यासारखं वाटतं. त्यामुळे बर्फाळ गावातलं घर निवडताना आपण फोटोंतली मोठी काच, काचेपलीकडचं पांढरं शिखर आणि खिडकीपाशी ठेवलेला वाफाळता कप बघतो आणि पैसे भरून मोकळे होतो. त्या घरात पोचल्यावर रात्री आठ वाजता मात्र वेगळेच प्रश्न पडतात. खोली गरम कशाने होणार, नळाला पाणी आहे का, आणि सामान घेऊन आईला इथपर्यंत चढवायचं कसं? माझं म्हणणं एवढंच, की हिवाळ्यात घर निवडताना आधी ऊब, मग रस्ता, मग पाणी, आणि व्ह्यू सगळ्यात शेवटी बघा. त्या दरीत उभं राहिलं की शिखर कुठूनही दिसतंच.

मनालीच का

भारतात बर्फावर स्की शिकायला जाण्याजोग्या जागा मोजक्या. निव्वळ स्कीइंगच करायचं असेल, थोडंफार आधीपासून येत असेल, तर गुलमर्गला जा. तिथला गंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो, तसा उतार देशात दुसरीकडे नाही. पण गुलमर्गमध्ये मुक्काम म्हणजे मुख्यतः हॉटेलं. भाड्याच्या घरात राहायचं तर खाली तंगमर्गला उतरावं लागतं. शिवाय आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. उत्तराखंडातल्या औलीचे उतार सुंदर आहेत, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला. तिकडचा बेत असेल तर आधी सध्याची स्थिती विचारूनच पुढचं ठरवा.

मनालीजवळचा सोलंगचा स्कीचा उतार छोटा आहे, हे आधीच मान्य करू. पण घरात तीन पिढ्या असतील, त्यातल्या दोघांनाच स्की करायचं असेल, एकाला देवळं बघायची असतील आणि एकाला नुसतं ऊन खात बसायचं असेल, तर मनालीसारखी सोय नाही. गावाला वय आहे. ढुंगरीच्या देवदारांमधलं हिडिंबेचं लाकडी देऊळ १५५३ मध्ये राजा बहादूर सिंहाने बांधलं. वीसेक किलोमीटरवरचं नग्गर ही कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. तिथला दगड-लाकडाचा किल्ला १९०५ च्या कांगडा भूकंपातही टिकला आणि आता तिथे हिमाचल पर्यटन महामंडळाचं हॉटेल चालतं. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक १९२८ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९४७ पर्यंत, नग्गरलाच राहिले. त्यांचं घर आणि चित्रं बघता येतात. बर्फ पडलाच नाही तरी चार दिवस वाया जात नाहीत. आणि बर्फ न पडण्याची शक्यता धरूनच चाला, कारण अलीकडे तो उशिरा येतो, कधी येतो आणि आठवड्यात वितळतो.

तारखा

नाताळ ते १ जानेवारी टाळा. भाडं चढं, रस्ते तुंबलेले, आणि खाली गावात बर्फाची शाश्वतीही नाही. मनालीतला भरवशाचा बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांवर अवलंबून असतो. ते मुख्यतः जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत येतात. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्ट्यांत दिल्ली-चंडीगडची सगळी गर्दी वर चढते, म्हणून त्या सोडून रविवार ते शुक्रवार असा मुक्काम धरला तर घरही स्वस्त पडतं आणि उतारावरची रांगही कमी असते. दहावी-बारावीचं कुणी घरात असेल तर हा बेत यंदा नाही, हे सांगायला नकोच.

निदान पाच रात्री ठेवा. एक दिवस प्रवासाच्या थकव्यात जातो, एक दिवस बर्फ पडत असताना घरात बसून जातो. उरलेल्या तिनांत शिकणं आणि फिरणं बसतं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा क्रम असा ठेवा: आधी घर, तेही फुकट रद्द करता येण्याच्या अटीवर, मग गाडी किंवा विमान, आणि निघण्याच्या दहा दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज बघून घर पक्कं.

कोणत्या भागात राहायचं

बियास नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. एवढं डोक्यात ठेवलं की अर्धा प्रश्न सुटतो. नदीच्या डाव्या काठावर, म्हणजे पूर्वेच्या डोंगरावर, वशिष्ठ, जगतसुख, नग्गर. या गावांची तोंडं पश्चिमेला, त्यामुळे दुपारचं ऊन त्यांना जास्त वेळ मिळतं. उजव्या काठावर जुनी मनाली. तिला सकाळचं कोवळं ऊन मिळतं, पण दुपारनंतर डोंगराची सावली लवकर अंगावर येते. हिवाळ्यात या तासाभराच्या उन्हाची किंमत काय असते ते ओली थर्मल वाळत घातल्यावर कळतं. मालकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: बाल्कनीत ऊन किती ते किती?

जुनी मनाली मनालसू नाल्यापलीकडे. मनूचं देऊळ, अरुंद चढ, लाकडी घरं. फोटोंत सगळ्यात देखणी हीच दिसते आणि उन्हाळ्यात मजाही इथेच असते. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र इथली बरीच कॅफे बंद असतात आणि गल्लीत गोठलेल्या बर्फाची काच होते. गुडघेदुखी असलेलं कुणी बरोबर असेल तर इथे नको.

वशिष्ठ मला कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. मॉल रोडपासून तीनेक किलोमीटर, दुपारचं ऊन, आणि देवळाजवळ गरम पाण्याची कुंडं. घरातल्या गीझरने दगा दिला तरी अंघोळीची सोय आहे, हा त्यातला व्यवहारी भाग.

सोलंग, पलचान, बुरुआ, गोशाल हा वरचा पट्टा स्कीच्या उतारांना लागून. सकाळी उठून चालत उतारावर जायची हौस इथेच भागते. पण जोराचा बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडापाशीच साध्या गाड्या अडवतात, पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात. वर राहिलात तर कदाचित दोन दिवस वरच राहाल. औषधं आणि किराणा धरूनच जा.

या पट्ट्याची आणखी एक गोष्ट माहीत असायलाच हवी. मकर संक्रांतीपासून सुमारे ४२ दिवस गोशाल आणि आसपासच्या आठेक गावांत देवाची शांतता पाळली जाते. टीव्ही बंद, मोठ्याने गाणी नाहीत, शेतात कुदळ पडत नाही, देवळांत घंटा वाजत नाही. देव स्वर्गात गेलेत, ते परत येईपर्यंत त्यांना आवाजाचा त्रास नको, अशी श्रद्धा. नेमके हेच दिवस स्कीच्या हंगामाचे. मालक तोंडाने काही बोलला नाही तरी ब्लूटूथ स्पीकर बॅगेतच राहू द्या आणि फोन व्हायब्रेटवर टाका. ज्यांना रात्री शेकोटीभोवती अंताक्षरी हवी आहे त्यांनी सरळ खाली प्रीणी किंवा अलेओकडे घर बघावं.

नग्गर स्कीसाठी लांब, पण लिहायला-वाचायला, निवांत राहायला उत्तम. दोन मुक्काम करायचे असतील तर शेवटच्या दोन रात्री इथे.

घराची चौकशी

हिमाचल सरकारची होमस्टे योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि घरांची नोंदणी पर्यटन खात्याकडे होते. नोंदणीचा कागद व्हॉट्सॲपवर मागवा. ज्याच्याकडे आहे तो दोन मिनिटांत पाठवतो. जो कारणं सांगतो त्याचं घर सोडून द्या. कागदावरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि फोनवर बोलणारा माणूस यांचा मेळ बसतोय का बघा. ॲपवर घर बुक केलं असेल आणि मालक म्हणाला, "ॲपवरचं रद्द करून थेट पैसे पाठवा, स्वस्त पडेल," तर पहिल्याच वेळी ते करू नका. ओळख झाली की पुढच्या वर्षी थेट घ्या, दोघांचंही कमिशन वाचेल.

मग फोन. तिकडची माणसं मोकळी असतात, पण अंतराचा आणि चढाचा त्यांचा हिशेब वेगळा. संवाद साधारण असा होतो:

"भैया, गाड़ी घर तक आती है?"

"हाँ जी, बस दो मिनट पैदल।"

ही दोन मिनिटं त्याची. तुमच्या चाकांच्या बॅगा, झोपलेलं पोर आणि पायऱ्यांवरचा बर्फ धरून ती पंधरा होतात. म्हणून पायऱ्या किती ते विचारा आणि गाडी थांबते तिथपासून दारापर्यंत चालत केलेला व्हिडिओ मागवा. शक्य असेल तर बर्फ असतानाचा. सामान उचलायला माणूस मिळेल का, त्याचे किती, हेही तेव्हाच.

पुढचे प्रश्न उबेचे, आणि इथे घाई करू नका. "रूम हीटर है" या उत्तरावर समाधान मानू नका. हिशेब करा. दोन खोल्यांत प्रत्येकी दोन किलोवॅटचा हीटर, बाथरूममध्ये दोन किलोवॅटचा गीझर, त्यात कुणी स्वयंपाकघरात इंडक्शन लावलं की भार आठ किलोवॅटच्या घरात जातो. गावातल्या साध्या घराचं कनेक्शन तेवढं ओढत नाही. एमसीबी पडतो, काळोखात सगळे मोबाइलच्या उजेडात मेन स्विच शोधतात. त्यातून बर्फाच्या वजनाने तारा तुटल्या तर वीज काही तास, कधी जास्तही जाते. इन्व्हर्टरवर दिवे आणि वाय-फाय चालतं, हीटर चालत नाही.

म्हणून विजेवर न चालणारी एक तरी ऊब घरात हवी. कुल्लू-मनालीकडे ती म्हणजे तंदूर: पत्र्याची लाकडावर चालणारी शेगडी, जिचं धुराडं छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढलेलं असतं. बैठकीच्या खोलीत तंदूर असेल तर घर जिंकलं. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती, वर चहाची किटली, बाजूला मोजे वाळत. लाकूड भाड्यात आहे की मोळीमागे वेगळे पैसे, हे मात्र आधी ठरवा. एका संध्याकाळी एक मोळी सहज संपते. झोपायच्या खोल्यांत इलेक्ट्रिक ब्लँकेट आहेत का विचारा. ती हीटरच्या मानाने फारच कमी वीज खातात आणि अंथरूण आधीच गरम करून ठेवतात.

आता एक गोष्ट जिथे गंमत नाही. कोळशाची अंगीठी बंद खोलीत ठेवून झोपल्यामुळे डोंगराळ भागात दर हिवाळ्यात माणसं दगावतात. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्याला प्रवासाचा थकवा समजतो. हवा खेळत नसलेल्या बाथरूममधल्या गॅस गीझरमधूनही तोच वायू येतो. तेव्हा अंगीठी झोपायच्या खोलीत आणू देऊ नका, तंदूरच्या नळीच्या जोडांतून धूर येतोय का ते पहिल्याच संध्याकाळी बघा, झोपण्याआधी तो विझू द्या, आणि गीझर गॅसचा असेल तर बादल्या भरून तो बंद केल्यावरच आत जा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. मुलं-म्हातारी बरोबर असतील तर एक बॅगेत टाका. दोघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आधी खिडक्या-दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढा, कारण नंतर शोधा, आणि थेट दवाखाना गाठा.

पाण्याचं थोडक्यात. रात्री उघडे पाइप गोठतात. मालक नळ बारीक सोडून ठेवायला सांगेल, तो पाण्याची नासाडी करत नाहीये. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. झोपण्यापूर्वी दोन बादल्या भरून बाथरूममध्ये ठेवा. "सोलर गीझर" असं लिहिलं असेल तर ढगाळ दिवसासाठी दुसरी सोय काय, ते विचारा.

जुन्या काठकुणी घरात राहायची संधी मिळाली तर सोडू नका. देवदाराचं लाकूड आणि दगड यांचे थर एकाआड एक, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात असं घर हलतं आणि पुन्हा बसतं. खालच्या मजल्यावर पूर्वी गुरं असत, त्यांची ऊब वर चढे. आता तिथे गुरांऐवजी बहुधा पाहुण्यांचं बाथरूम असतं. राहणाऱ्याने दोन गोष्टी ओळखून असाव्यात: दारं बुटकी असतात, आणि जिना शिडीसारखा उभा. रात्री लघवीला तीनदा उठणाऱ्या काकांना या घरात वरची खोली देऊ नये. लाकडी फटींतून वाराही येतो, त्यामुळे बरेच मालक आतून फळ्या मारून घेतात. फोटोत आतल्या भिंती लाकडी तक्त्यांच्या दिसल्या तर चांगलं लक्षण.

नदीला अगदी खेटून असलेलं घर घेऊ नका. हिवाळ्यात बियास शांत दिसते, पण २०२३ आणि २०२५ च्या पावसाळ्यात तिने काठावरची घरं आणि महामार्गाचे तुकडे नेले. हिवाळ्यात पुराची भीती नसली तरी पाण्यावरून येणारा गारठा हाडात शिरतो.

पोचायचं कसं

ठाणेकरांना सोयीचं म्हणजे कल्याणहून राजधानी. सीएसएमटी-हजरत निजामुद्दीन राजधानी कल्याणला थांबते, दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत. संध्याकाळी कश्मीरी गेटच्या आयएसबीटी बसस्थानकावरून हिमाचल परिवहनची व्होल्वो. मधले सात-आठ तास वाया गेल्यासारखे वाटतात, पण जानेवारीत उत्तरेचं धुकं गाड्या चार-चार तास रखडवतं, तेव्हा तेच तास उपयोगी पडतात. दुपारी दिल्लीला पोचणारं विमान आणि पाचची बस अशी जोडी कधीही लावू नका. दिल्ली ते मनाली साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, बस बारा ते चौदा तास घेते.

विमानानेच जायचं तर चंडीगड बरं. तिथून टॅक्सी. किरतपूर-नेरचौक पट्ट्यात बोगदे आणि चौपदरी रस्ता झाल्यापासून हा प्रवास पुष्कळ सुसह्य झाला आहे. नवी मुंबईकरांनी आता आपल्या विमानतळावरूनच्या उड्डाणांची चौकशीही करावी. वाशी-खारघरहून अंधेरी गाठण्यात जाणारा वेळ वाचतो. भुंतरचा विमानतळ मनालीपासून पन्नास किलोमीटरवर आहे, पण दरीतला, छोट्या विमानांचा. हवा बिघडली की उड्डाण रद्द. त्यावर सगळा बेत उभा करू नका.

बस सकाळी सात-आठला पोचते आणि चेक-इन बारानंतर. थंडीत चार तास सामानावर बसून काढणं मुलांना जमत नाही. आधीची रात्र रिकामी असेल तर खोली सकाळीच द्या, असं मालकाकडून लिहून घ्या. बहुतेक जण देतात. बर्फ पडत असेल तर बस कुल्लू किंवा पतलीकुहललाच थांबवू शकतात. मालकाच्या ओळखीच्या, फोर बाय फोरवाल्या टॅक्सीचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये हवा. ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी मंडीच्या आधी घ्यावी, कोणती ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

गाडी स्वतःची नेऊ का, असं बरेच जण विचारतात. हिवाळ्यात नको. बर्फावर ब्रेक मारायची आपल्याला सवय नाही, आणि घोडबंदरच्या खड्ड्यांवर गाडी चालवल्याचा अनुभव तिथे कामाला येत नाही.

सामान आणि स्वयंपाक

थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी, वॉटरप्रूफ हातमोजे इथूनच घ्या. ठाण्यात आणि नवी मुंबईत खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांत ते वर्षभर मिळतात. जाड जॅकेट आणि गमबूट मात्र विकत घेऊ नका. सोलंगच्या रस्त्यावर भाड्याने देणाऱ्या दुकानांची रांगच आहे. टॅक्सीवाला ठरावीक दुकानापाशीच थांबतो. तिथे आतून ओला किंवा कुबट वास येणारा सूट परत करा, दुसरा मागा. नेहमीच्या चालण्यासाठी खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. गुळगुळीत तळव्याच्या स्पोर्ट्स शूजनी मॉल रोडवरसुद्धा पडायला होतं.

घर भाड्याने घ्यायचं अर्धं कारण स्वयंपाकघर. पण "किचन अव्हेलेबल" म्हणजे काय ते विचारा: गॅस आहे की फक्त इंडक्शन, आणि कुकर आहे का? कुकरचा हट्ट यासाठी, की दोन हजार मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, राजमा तर विसराच. कुकरच्याही दोन शिट्ट्या जास्त धरा. भाताला थोडं जास्त पाणी.

गोडा मसाला, पोहे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चार लिंबं आणि छोटी किसणी एवढं बरोबर असलं की सकाळचा आणि रात्रीचा प्रश्न सुटतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात टाकू नका. तेलामुळे पेट घेण्याचा धोका धरून विमानतळावर त्या काढून घेतात. पॉवर बँक केबिन बॅगेतच. बटाटे, मटार, दूध, अंडी तिथे मिळतात. दुपारचं जेवण मात्र मालकिणीच्या हातचं सांगा. सिड्डू, म्हणजे आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरलेली वाफवलेली कणकेची पोळी, वर तुपाची धार. तीन-चार तास आधी सांगावं लागतं, कारण पीठ आंबवायचं असतं. मासे खाणाऱ्यांना ट्राउट मिळेल. पतलीकुहलला सरकारी ट्राउट केंद्र आहे.

स्कीचे दिवस

मनालीत अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था १९६१ पासून आहे आणि हिवाळ्यात सोलंगला निवासी स्की कोर्स घेते. घरात कॉलेजवयीन कुणी असेल आणि मनापासून शिकायचं असेल, तर त्याला कोर्सलाच पाठवा. फॉर्म महिनोन्‌महिने आधी भरावा लागतो, वैद्यकीय दाखला लागतो. बाकीच्यांसाठी खासगी प्रशिक्षक.

सोलंगच्या पायथ्याशी उतरलात की पाच जण घेरतील. त्यातलं बहुतेक "स्कीइंग" म्हणजे पायाला फळ्या बांधून वीस पावलं ढकलणं आणि फोटो. पोरांना तेवढंच हवं असेल तर हरकत नाही. शिकायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच घरमालकाच्या ओळखीने माणूस ठरवा. त्याने कुठून कोर्स केलाय ते विचारा. तिघांना मिळून दोन तास, साहित्य धरून किती, असा एकच आकडा ठरवा आणि सकाळी नऊला उतारावर हजर व्हा. दुपारी बर्फाचा चिखल होतो आणि एटीव्ही म्हणजे चारचाकी बाइक, याक, ट्यूबवाले सगळे एकाच मैदानात येतात.

बूट घालताना टाच घट्ट बसली पाहिजे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकतात आणि गुडघे वाकवले की सुटतात, हे योग्य माप. आत एकच मोजा, थर्मल पँटचं टोक बुटाच्या बाहेर. वजन खरं सांगा. पडल्यावर बूट फळीतून सुटेल की पाय पिळेल हे त्या वजनावर बसवलेल्या पकडीवर अवलंबून असतं. भाड्याचं साहित्य जुनं असतं, म्हणून उभ्या-उभ्या दोन्ही पकडी उघडून बघा. हेल्मेट मागा. "यहाँ कोई नहीं पहनता जी" हे उत्तर आलं तरी मागा. गॉगल हवाच, आणि ओठांना-नाकाला सनस्क्रीनही, कारण बर्फावरून उलटणारं ऊन हनुवटीच्या खालूनही भाजतं.

पहिला दिवस फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब करून थांबायला शिकण्यात जातो. मांड्या भरून येतात. निघण्याच्या महिनाभर आधी येऊरचा चढ, पारसिकची टेकडी, नाहीतर सोसायटीचे जिने आठवड्यातून चारदा चढा, फरक पडतो. प्रवास विमा काढताना बर्फावरचे खेळ त्यात धरलेत का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत नसतात.

खाली बर्फ नसला तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जा. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. पलीकडचं तोंड तीन हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे लाहौलमध्ये बर्फ जास्त दिवस टिकतो. बोगद्याला रोहतांगसारखा वेगळा परवाना लागत नाही. रक्तदाब किंवा दम्याच्या माणसाने डॉक्टरांना विचारून जावं. निघायचं सकाळी आणि दुपारी तीनच्या आत परत फिरायचं. संध्याकाळी रस्त्यावरचं वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि टॅक्सी आडव्या होतात.

पैशांचा हिशेब आणि निघताना

घरभाड्याएवढीच रक्कम वेगळी काढून ठेवा: टॅक्सी, लाकूड, भाड्याचे सूट, प्रशिक्षक, सामान उचलणारा. टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, तिथे घासाघीस फारशी चालत नाही. सूट आणि प्रशिक्षकाच्या बाबतीत चालते. थोडी रोकड ठेवा. वीज गेली की नेटवर्कही रेंगाळतं आणि यूपीआय गोल गोल फिरत राहतं.

अनामत रक्कम घेतली असेल तर आल्या दिवशीच घराचा एक व्हिडिओ काढा: फुटलेली टाइल, जळका डाग असलेलं ब्लँकेट, सगळं. निघताना गॅसची चावी बंद, तंदूर विझलेला, नळ मालक सांगेल तसा सोडलेला किंवा बंद. मोळ्यांचा हिशेब आदल्या रात्रीच मिटवा, कारण परतीची बस असली तर सकाळी-दुपारी धावपळ होते. आणि परतीची राजधानी मनालीची बस दिल्लीला पोचते त्याच दिवशीची असेल तर संध्याकाळचीच घ्या. त्याआधी घाटात बर्फ, खाली धुकं आणि कर्नालपाशी ढाब्यावरचा ठरलेला अर्धा तास, हे तिन्ही धरून वेळ मोजा.